तान्ह्या बाळाचं हाड पिकतं तेव्हा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत तान्हं बाळ एखादा हात किंवा पाय हलवेनासं झालं की पहिला शब्द निघतो, ‘लचकलं’. अंघोळ घालणाऱ्या बाईचा हात जरा जड पडला असेल. पाळण्यातून उचलताना बगलेत ओढलं गेलं असेल. नाहीतर मांडीत दिलेली सुई ठसठसत असेल. मग कोमट खोबरेल, मग तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक, मग दुसऱ्या गल्लीतली जाणती बाई. यात दोन-तीन दिवस सहज जातात. नवजात बाळांच्या वॉर्डात मी बरीच वर्षं नर्सचं काम केलं. हा लेख मी त्या दोन-तीन दिवसांसाठी लिहिते आहे.

गळू पिकतं, नखुरडं पिकतं, हे आपल्याला ठाऊक असतं. हाडही पिकतं. जंतू हाडात शिरले की तिथं सूज येते, पू होतो; डॉक्टरांच्या कागदावर त्याला ऑस्टिओमायलायटिस लिहिलेलं असतं. पू सांध्यात झाला तर सेप्टिक आर्थ्रायटिस. मोठ्या माणसात हे दोन आजार बऱ्याचदा वेगवेगळे राहतात. तान्ह्या बाळात ते हातात हात घालून येतात आणि सगळी अडचण तिथंच आहे. आजार विरळा आहे, हेही सांगते. आमच्या वॉर्डात महिनेच्या महिने असं एकही बाळ यायचं नाही. पण आलं की घड्याळाकडं बघत काम करावं लागायचं.

आधी जंतू तिथवर पोचतात कसे ते बघू. बहुतेक वेळा रक्तातून. बाळाच्या त्वचेवर पुळ्या झाल्या, नाळ पडताना बेंबी लाल होऊन चिघळली, सलाईनची जागा सुजली, की तिथले जंतू रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर अंगभर फिरतात. कमी दिवसांची, कमी वजनाची, काचेच्या पेटीत राहिलेली बाळं यात जास्त सापडतात. त्यांची प्रतिकारशक्ती कोवळी असते आणि त्यांना सुया, नळ्या जास्त लागलेल्या असतात. टाचेतून साखर तपासायला काढलेलं रक्त, बेंबीतून घातलेली बारीक नळी, जांघेतून काढलेलं रक्त, या सगळ्या जंतूंच्या वाटा होऊ शकतात. यावर काही आई-बाप मला विचारायचे, ‘मग सुईमुळंच झालं म्हणायचं की?’ त्या सुयांशिवाय ते बाळ वाचलंच नसतं, हे मी त्यांना सांगायचे. आणि हेही सांगायचे की म्हणूनच पेटीतून घरी आलेल्या बाळाकडं जास्त डोळसपणे बघायचं.

हाडाच्या बाधेत सगळ्यात जास्त वेळा सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस, आपल्या त्वचेवर आणि नाकात राहणारा, गळवात असतो तोच. नवजात बाळांत त्याच्या जोडीला क्लेबसिएला, ई. कोलाय यांसारखे आतड्यातले जंतू असतात, कधी बी गटातले स्ट्रेप्टोकोकस, आणि पेटीत फार दिवस राहिलेल्या बाळांत कधी कँडिडा नावाची बुरशी.

आता जंतू हाडातच का रुजतात? खानापूरकडचं भाताचं शेत डोळ्यांसमोर आणा. पाटाचं पाणी सरळ जातं तोवर गाळ बसत नाही. पाट जिथं वळण घेतो आणि पाणी मंदावतं, तिथं गाळ साचतो. लांब हाडाच्या टोकाजवळ बारीक रक्तवाहिन्या अशाच वळसा घेऊन मागं फिरतात, तिथं रक्ताचा वेग मंदावतो आणि जंतू तिथं बसतात. हे मोठ्या मुलांतही होतं. पण मोठ्या मुलात या जागेच्या पुढं एक बांध असतो. हाडाची लांबी जिथून वाढते ती कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचिक हाडाची, चकती म्हणजे तो बांध. साधारण दीड वर्षानंतर रक्तवाहिन्या हा बांध ओलांडत नाहीत, त्यामुळं बाधा अलीकडच्या वाफ्यातच अडते. तान्ह्या बाळात मात्र बांधाला तोंडं असतात. बारीक रक्तवाहिन्या चकतीतून आरपार पलीकडं गेलेल्या असतात. अलीकडच्या वाफ्यातलं घाण पाणी पलीकडच्या वाफ्यात उतरतं, आणि पलीकडं असतो सांधा. म्हणजे एकाच बाधेत तीन गोष्टी धोक्यात येतात: हाड, हाड वाढवणारी चकती आणि सांध्याची गुळगुळीत कूर्चा.

हा रक्तवाहिन्यांचा फरक जोसेप ट्रुएटा या मूळच्या कॅटलान, पण ऑक्सफर्डमध्ये काम केलेल्या शल्यविशारदानं १९५९ मध्ये मांडला. तान्ही बाळं, मोठी मुलं आणि प्रौढ, असे हाडाच्या बाधेचे तीन प्रकार त्यानं केले. त्याच्याही आधी, १८७४ मध्ये, लंडनच्या टॉमस स्मिथनं एक वर्षाच्या आतल्या बाळांचे सांधे पिकून कसे नष्ट होतात याचं वर्णन करून ठेवलं होतं. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती आणि यातली कितीतरी बाळं दगावायची.

तान्ह्याच्या हाडात एक गोष्ट त्याच्या बाजूनं असते. हाडाची बाहेरची भिंत पातळ असते आणि हाडावरचं आवरण सैल असतं. त्यामुळं पू आत कोंडून न राहता लवकर बाहेर वाट काढतो. मोठ्या मुलांत हाडाचा तुकडा मरून आतच पडून राहतो, तसं तान्ह्यात क्वचित होतं. हाड भराभर भरून येतं. पण खुब्याचा सांधा आणि खांद्याचा सांधा अशा ठिकाणी हाडाचं हे टोकच सांध्याच्या पिशवीच्या आत असतं. हाडातून फुटलेला पू थेट सांध्यात जातो. हाड सावरतं आणि भोगावं लागतं ते सांध्याला.

खुब्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथं होतं. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत बसलेला असतो. जन्मावेळी हा गोळा पूर्ण कूर्चेचाच असतो, ओल्या नारळातल्या मलईसारखा कोवळा. सांध्यात पू साचला की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. जंतू आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी यांतून जे रस पाझरतात, ते कूर्चा खायला लागतात, आणि याला दिवस लागत नाहीत, तास पुरतात. दुसरं, पुवाचा दाब वाढून गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात. गोळा उपाशी पडतो. वाटीतून निसटूही शकतो. म्हणून खुब्यात पू आहे म्हटलं की शस्त्रक्रियेचे डॉक्टर सकाळची वाट बघत नाहीत.

घरात काय दिसतं

एक आज्जी माझ्या कायमच्या लक्षात राहिल्या आहेत. खानापूरच्या पुढच्या एका गावातून सतरा दिवसांच्या नातीला घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीनं आल्या होत्या. पोरीला ताप नव्हता. ओपीडीत ती झोपलेलीच होती. आज्जी म्हणाल्या, ‘सिस्टर, ह्ये लचकेचं रडनं न्हवं. लचकलं तर उचलून घेतल्यावर पोर गप ऱ्हातंय. ह्ये उचललं की जास्तच रडालंय.’ मी कित्येक वर्षांत ऐकलेलं सगळ्यात अचूक वर्णन हेच. कुशीत घेतलं की बाळ शांत व्हायला हवं. हाडात किंवा सांध्यात पू असेल तर उचलताना तोच भाग हलतो, आणि कुशीच त्याला नकोशी होते. त्या पोरीच्या खुब्यातला पू त्याच रात्री काढला गेला.

ताप. याच्यावर बऱ्याच जणांचा निर्णय अडतो. ‘अंग तर गरम नाही,’ म्हणून थांबतात. नवजात बाळात ताप नसतानाही हाड पिकलेलं असू शकतं, उलट काही बाळं थंड पडतात. ताप नाही हे धीर धरण्याचं कारण होऊ शकत नाही.

मग बघायचं काय? लंगोट बदलताना, झबलं घालताना, अंघोळीला पाय धरला की बाळ एकाएकी किंचाळतं, आणि दर वेळी त्याच हालचालीला. एक पाय लाथा मारतो, दुसरा तसाच पडून राहतो. हात लुळा पडल्यासारखा अंगाला चिकटून राहतो. यात नस गेलेली नसते. दुखतं म्हणून बाळ तो भाग हलवतच नाही, आणि दिसायला ते लकव्यासारखं दिसतं. खुब्यात पू असला तर बाळ तो पाय गुडघ्यात मुडपून बाहेर टाकून ठेवतं, बेडकासारखा, कारण तसं ठेवल्यावर सांध्यातली जागा थोडी वाढते आणि ताण कमी होतो. मांडी एका बाजूला भरलेली, चकाकणारी दिसते, जांघेतली घडी बुजते. गुडघा, खांदा सुजलेला असेल तर लवकर लक्षात येतो. खुबा खोल असतो, तो सुजलेला कळत नाही. आणि या सगळ्यांबरोबर बाळ दूध कमी ओढतं, मलूल होतं. कधी कधी नुसतं तेवढंच दिसतं.

शंका आली तर ओढून बघू नका. बाळाचं पोट भरल्यावर, खोली उबदार असताना, त्याला चटईवर उघडं ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. दोन्ही हात, दोन्ही पाय सारखे हलतात का? तळव्याला बोटानं हलकेच गुदगुली करा. एक पाय आखडून घेतो आणि दुसरा नाही, असं पुन्हा पुन्हा होतंय का? एवढं पुरे.

हात हलत नसेल तर डॉक्टर हमखास एक प्रश्न विचारतील: जन्मल्यावर हलत होता का? अवघड बाळंतपणात खांद्याजवळच्या नसा ताणल्या गेल्या किंवा गळ्याजवळचं हाड मोडलं, तर हात जन्मापासूनच लुळा असतो. आठ-दहा दिवस नीट हलणारा हात मग थांबला, तर विचार वेगळा करावा लागतो. या प्रश्नाचं उत्तर घरच्यांनाच देता येतं, म्हणून कोणत्या दिवसापासून फरक पडला ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. बाळाला सुई दिलेली असेल तर तेही. सुईचं दुखणं एक-दोन दिवसांत ओसरतं. वाढत जाणारं दुखणं सुईचं नव्हे.

तेल लावून अंघोळ घालण्याला माझा विरोध नाही. हलक्या हातानं केलेलं मालीश बाळाला आवडतं. विरोध आहे तो न हलणाऱ्या, सुजलेल्या हातापायाला चोळण्याला, ओढून ‘बसवण्याला’ आणि शेकण्याला. आतलं हाड पुवानं पोखरलेलं असेल तर ओढल्यानं ते मोडू शकतं, आणि कोवळी कातडी शेकानं भाजते ती वेगळीच. आणखी एक रीत मनापासून थांबवावीशी वाटते. जन्मलेल्या बाळाची छाती थोडी फुगलेली असते, कधी त्यातून दुधासारखा थेंब येतो. तो आईच्या संप्रेरकांचा परिणाम असतो आणि आपोआप जातो. काही बायका ते ‘दूध’ पिळून काढतात. त्यातून गळू होतं आणि तिथले जंतू रक्तात जातात. बेंबीला तेल, हळद, राख, काजळ काहीच लावू नका. ती कोरडी ठेवली की पुरते. आणि बाळाला घ्यायच्या आधी साबणानं हात धुणं, बारशाला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा.

दवाखान्यात

आशाताई नवजात बाळाला बघायला घरी येतात: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्यांच्यासमोर बाळाला दुपट्यात गुंडाळून ठेवू नका. उघडं करून दाखवा, पाय कसा टाकतंय ते सांगा. पण शंका मधल्या दिवशी आली तर त्यांच्या पुढच्या फेरीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी निघायचं. १०८ला फोन करा. पावसात जांबोटी-कणकुंबीकडच्या रस्त्याला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळची शंका सकाळवर टाकू नका. वाटेत बाळाला आईच्या छातीशी उबेत धरा, ओढत असेल तर पाजत राहा, दुखरा भाग जसा आहे तसाच राहू द्या.

गावच्या डॉक्टरांनी आधी औषधाचे थेंब देऊन चार दिवस बघू म्हटलं तर त्यांना नम्रपणे विचारा, ‘सांध्यात पू तर नसेल ना? सोनोग्राफी करायची का?’ अर्धवट प्रतिजैविकानं लक्षणं दबतात आणि जंतू कोणता ते नंतर तपासात सापडत नाही. बेळगावात बिम्सचं, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं, जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं हॉस्पिटल आहे. आपली माणसं कोल्हापूर, मिरज, गोव्यालाही जातात. जिथं बालरोगतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर आणि भूल देणारे डॉक्टर एकाच छताखाली आहेत, तिथं जा. जवळचं असं ठिकाण सोडून लांबचं निवडण्यात तास जातात.

भाषेचं एक. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना मराठी येत नसेल तर घाबरून गप्प बसू नका. कन्नडमध्ये ‘कूसु कालु आडसवल्दु’ म्हणजे बाळ पाय हलवत नाही. हात असेल तर ‘कालु’च्या जागी ‘कै’. ‘हालु कुडियवल्दु’, दूध पीत नाही. एवढी दोन वाक्यं पुरेशी आहेत. पाठ करून ठेवा.

तपासण्या भराभर होतात. रक्तात सीआरपी (अंगात बाधा असली की वाढणारा घटक) बघतात, जंतू वाढवून बघायला रक्त पाठवतात, आणि हे रक्त औषध सुरू करण्याआधी काढलेलं चांगलं. सोनोग्राफीत सांध्यातलं पाणी दिसतं. एक्स-रेवर विसंबून राहू नका: हाडातला बदल त्यात दिसायला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि खुब्याचा गोळा तर चार-सहा महिन्यांचा होईपर्यंत एक्स-रेत उमटतच नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ याचा अर्थ पू नाही असा होत नाही. कधी एमआरआय लागतो. नवजात बाळात एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी बाधा असणं नवलाचं नाही, त्यामुळं डॉक्टर सगळे सांधे तपासतात. पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की घरचे हबकतात. रक्तातले जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेत का हे बघायला ते लागतं.

सांध्यात पू असेल तर तो सुईनं किंवा छोटी शस्त्रक्रिया करून काढतात आणि सांधा धुतात. नुसत्या औषधावर खुबा सोडत नाहीत. मग शिरेतून प्रतिजैविकं, बहुतेक वेळा चार ते सहा आठवडे. सुरुवातीला एकापेक्षा जास्त औषधं देतात, जंतू कळला की त्याच्यावरचं नेमकं. तान्ह्याच्या पोटातून औषध किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून तोंडानं देण्याची घाई करत नाहीत.

हे चार-सहा आठवडे घरच्यांना सगळ्यात जड जातात. चौथ्या-पाचव्या दिवशी बाळ पाय हलवायला लागतं, दूध ओढायला लागतं, आणि लगेच निरोप येतो: बारसं ठरलंय, पेरणी आलीय, घरी पाठवा. मी कितीजणांना हात जोडून थांबवलं आहे. एक पोरगं आठव्या दिवशी घरच्यांनी सही करून नेलं. ते तीन आठवड्यांनी परत आलं तेव्हा गुडघा पुन्हा टम्म झाला होता. त्या आईला मी दोष दिला नाही. घरी दुसरं लेकरू होतं, नवरा बाहेरगावी कामाला, आणि तिला कुणी नीट समजावूनच सांगितलं नव्हतं की बाळ बरं दिसणं आणि हाड बरं होणं यांत आठवड्यांचं अंतर असतं.

पैशाचंही सांगते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि नेआण मोफत आहे, २०११ पासून. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला. कुठल्या दवाखान्यात कोणती चालेल ते तिथल्या योजनेच्या टेबलावर विचारा, पण बाळ भरती झाल्यावर. कागद एकानं जमवायचे, बाळ दुसऱ्यानं घेऊन जायचं.

घरी आल्यावर

वेळेत पू निघाला तर बरीच बाळं इतर पोरांसारखीच धावतात. उशीर झाला तर खुब्याचा गोळा झिजतो, सांधा निसटतो, वाढीची चकती जळून एक पाय आखूड राहतो किंवा गुडघा वाकडा वाढतो. यातलं काही लगेच दिसत नाही. हाड वाढत जातं तसं ते वर येतं, म्हणून हाडांचे डॉक्टर वर्षानुवर्षं बोलावतात, मूल वयात येऊन उंची थांबेपर्यंत. खुबा जागेवर राहावा म्हणून काही महिने पट्टा बांधायला देतात. तो अंघोळीला काढायचा की नाही, हे आधी विचारून घ्या.

दवाखान्यातून मिळालेला कागद बाळाच्या लसीच्या कार्डाबरोबर ठेवा: कोणता सांधा, कोणता जंतू, कोणतं औषध किती दिवस. एक झेरॉक्स माहेरी, एक सासरी. मूल चालायला लागलं की गुळगुळीत फरशीवर त्याला तुमच्याकडं चालत येऊ द्या आणि एकदा पाठमोरं जाऊ द्या. एका बाजूला झुकतंय का, एक टाच जमिनीला टेकत नाही का, झोपवल्यावर गुडघे एका उंचीवर येत नाहीत का, ते बघा. यातलं एकही दिसलं तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता तोच कागद घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडं जा.